मधुमेही मूल आणि ताटावरचा जाच



मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उतारवयातला, बैठ्या कामाचा माणूस उभा राहतो. पण ह्या रोगाचा आणखी एक प्रकार आहे. त्याला 'पहिला प्रकार' म्हणतात, आणि तो पुष्कळदा लेकरांना, शाळकरी वयात गाठतो. तो साखर खाल्ल्याने होत नाही, की आईबापांच्या चुकीनेही होत नाही. शरीराची संरक्षक शक्तीच वाट चुकते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींचा नाश करते. मग रक्तात साखर असूनही शरीर उपाशी राहते. विहीर भरलेली, पण मोटेला दोर नाही, अशी ती गत!

पूर्वी ह्यावर उपाय नव्हता. डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत. तेवढेच आयुष्य थोडे लांबे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरी लिओनार्ड थॉम्प्सन ह्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, आणि मरणपंथाला लागलेली लेकरे वाचू लागली.

आज सांगावयाचे आहे ते ह्याच्या पुढचे. ह्या मुलांना घास मोजूनच खावा लागतो. भाकरी किती, भात किती, खेळाआधी काय खाल्लं, सुई केव्हा घेतली, असा हिशेब रोज चाललेला असतो. रोग जडतो तेव्हा मूल वाळून गेलेलं असतं. इन्सुलिन सुरू होताच अंग भरतं. खरं म्हणजे हे चांगलं लक्षण. पण पंधरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणी 'जाडी' म्हणून चिडवतात, घरात लग्नाची बोलणी कानावर येतात. आणि केव्हातरी तिच्या ध्यानात येतं, की सुई चुकवली तर वजन उतरतं.

घात होतो तो इथे. इन्सुलिनवाचून साखर लघवीवाटे वाहून जाते, शरीर आपलीच चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. त्यातून जीव जाऊ शकतो. नाही गेला तरी पुढे डोळे, मूत्रपिंडे आणि नसा निकामी होऊ लागतात. टोरांटो आणि कॅनडातील इतर शहरांतील मुलींची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. मधुमेही किशोरींमध्ये खाण्याचे विकार इतर मुलींच्या जवळजवळ दुप्पट आढळले. मुलगेही ह्यातून सुटत नाहीत, बरं का.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ह्याला आणखी दोन पदर आहेत. एक उपासाचा. शेगावच्या वारीचा हा मुलूख. एकादशीच्या नावाखाली जेवण टाळलं तर कोण संशय घेणार? दुसरा गरिबीचा. सोयाबीन-कपाशीचा भाव पडला की इन्सुलिनची बाटली पुरवून पुरवून वापरली जाते. ही सुई चुकणे निराळे आणि मनातल्या भयाने चुकवणे निराळे. दोहोंचे उपायही निराळे आहेत. पैशाची अडचण असेल तर नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरची 'उडान' ह्यांसारख्या संस्था अशा मुलांसाठी काम करतात, तिकडे विचारावे.

गुरुजनहो, वजन अकारण उतरणे, सारखी तहान आणि लघवी, डबा तसाच परत नेणे, साखरेचे आकडे लपवणे, ह्या खुणा दिसल्या तर मुलाला एकांतात, मायेने विचारा. "गोड खाल्लंस ना?" असा दरडावणीचा प्रश्न नको. साखरेचा आकडा म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत. पर्जन्यमापकातल्या आकड्यासारखा तो, पुढचे काम ठरविण्यापुरता. वर्गात हातपाय कापू लागले, घाम सुटला, तर लगेच साखर द्या. त्या घडीला साखर हेच औषध. आणि उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

आईबापांनो, सुईच्या वेळी पोरीजवळ बसा, पण पहारेकऱ्यासारखे नव्हे. सगळ्यांनी एकाच पंगतीत जेवा. डॉक्टरांना सुई चुकल्याचे खरे सांगा. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

सुई टोचायला हात शिकतात. पण ती रोज टोचून घ्यावीशी वाटायला घरचा आणि शाळेचा आधार लागतो. तेवढा आपण देऊ या.