थांबण्याची ऐपत
(निलंगा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



लहान खेड्यांच्या आर्थिक विकासावर मी बोलावे, असे आपण सुचविलेत. हा विषय निघाला की कोणी म्हणतो, कारखाना आणा; कोणी म्हणतो, सरकारने अनुशेष भरून द्यावा. दोन्ही मागण्या गैरवाजवी नाहीत. मराठवाड्याचा अनुशेष हे काही कल्पनेचे भूत नव्हे, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली तो आकड्यांनिशी मांडला. परंतु बाहेरून काय आणावे याची चर्चा करताना, आपल्या गावातून दरवर्षी काय निघून जाते, याचा हिशेब आपण मांडत नाही. आज तो मांडावा असे मला वाटते.

दसरा आटोपल्यावर मी एकदा मोंढ्यात जाऊन बसलो होतो. एक बाई चार कट्टे सोयाबीन घेऊन आल्या. माल ओला म्हणून भाव कमी लागला, हमाली-तोलाई वजा झाली, आणि उरलेल्या रकमेतून खताची उधारी तिथल्या तिथे चुकती झाली. "माल वाळवून थोडे थांबला असतात तर?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "सर, थांबायला बी पैसे लागतेत की."

मित्रहो, आपल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. लहान शेतकऱ्याजवळ जमीन थोडी आहे हे खरेच. पण त्याहूनही थोडी आहे ती थांबण्याची ऐपत. रास झाली की सावकार, दुकानदार, दिवाळी आणि रब्बीचे बियाणे हे चौघे एकाच वेळी दारात उभे राहतात. सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि बाजारात माल त्याखाली विकला जात होता. सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ती नोव्हेंबरात १५ टक्के करण्यात आली. पण ज्याने ऑक्टोबरातच माल विकून टाकला, त्याला या सवलतीचा काय उपयोग?

यावर उपाय नाही असे नाही. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यावी, अशी तिची रचना. समजा, सोयाबीनचा भाव ४२०० आहे. क्विंटलमागे ३१५० रुपये हाती आले आणि चार महिन्यांनी माल सोडविला, तर व्याज होते ६३ रुपये. त्यात वाहतूक आणि घट धरली, तरी सावकाराच्या व्याजाशी याची तुलना होऊ शकत नाही.

मग ही योजना गावोगावी का पोचली नाही? एक तर गोदाम बाजाराच्या गावी आणि माल पाच कट्टे. ते वाहून नेण्यातच मिळणारा फायदा संपतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. तारणासाठी सातबारा लागतो. बटईने कसणाऱ्याचे नाव त्यावर नसते आणि राबणाऱ्या बाईचे तर बहुधा नसतेच. म्हणजे ज्याला थांबण्याची गरज सर्वांत जास्त, तोच दाराबाहेर राहतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. विकासाची सुरुवात गावच्या गोदामापासून करा. त्याला जोडून वाळवणीचे पक्के खळे, एक चाळणी आणि ओलावा मोजण्याचे यंत्र असावे. पुढे जमेल तेव्हा डाळीची लहान गिरणी. तूर आपल्या शिवारात पिकते. शंभर किलो तुरीची साधारण सत्तर किलो डाळ होते आणि चुणी-भुसा गुरांना मिळतो. आज तूर पोत्यातून जाते आणि डाळ पुड्यातून परत येते. मधली मजुरी आणि चुणी, दोन्ही गावाबाहेर राहतात. ही मजुरी भूमिहीनाच्या घरात गेली, तरच त्याला गावाचा विकास म्हणता येईल; नाहीतर तो सातबारावाल्यांचा विकास होईल.

एक सावधगिरीचा शब्द. थांबले की भाव वाढतोच, असे कोणी सांगू नये. २०२१ साली सोयाबीन दहा हजारांवर गेले, ती आशा धरून पुढे अनेकांनी माल घरात ठेवला, आणि भाव उतरले. गोदाम हा सट्टा खेळण्याचा अड्डा नव्हे. केव्हा विकायचे हे दुकानदाराच्या तगाद्याने न ठरता शेतकऱ्याच्या विचाराने ठरावे, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो अर्थ लहान नाही.

हे सहकारातून होईल का, अशी शंका आपल्या मनात येईल. ती रास्त आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी जे उभे केले, त्याचा आपण उसापुरता अर्थ घेतला. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ऊस हा सर्वांचा मार्ग होऊ शकत नाही. घेण्याजोगा धडा होता तो मालकीचा : पिकविणाऱ्यानेच प्रक्रियेचा मालक व्हावे. पुढे पुष्कळ ठिकाणी मालक निवडणुकीपुरते उरले आणि संस्था संचालकांच्या झाल्या. आपण भाषणांत सहकाराचा जयजयकार केला, पण सोसायटीच्या वार्षिक सभेला किती वेळा गेलो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

माणसे मात्र आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून घरबांधणीच्या कामात उभे केले. सिमेंट, गज, अनुदानाचे हप्ते यांची चौकशी त्या करू लागल्या. त्यांतूनच पुढे बचतगट आणि एक एकरावर घरचे धान्य पिकविणाऱ्या स्त्रियांचे काम वाढले. ज्या स्त्रियांनी घराचा हिशेब विचारला, त्या गोदामाचा हिशेब ठेवू शकणार नाहीत काय?

शेवटी, आपण काय करावे? या हंगामात आपापल्या गावी घरोघर जाऊन एक वही भरावी : कोणी किती माल, कोणत्या तारखेला, काय भावाने आणि कोणाच्या तगाद्यामुळे विकला. ती वही घेऊन सोसायटीच्या सभेत जावे आणि गोदामाचा ठराव मांडावा; प्राथमिक सोसायट्यांमार्फत गोदामे बांधण्याची योजना केंद्राने २०२३ साली मंजूर केली आहे, तिचा उल्लेख ठरावात असावा. आणि तारण मालावर मिळावे, सातबाऱ्यावर नव्हे, ही मागणी तालुक्याला मोर्चा नेऊन करावी. मोर्चा आपल्याला सवयीचा आहे. वही भरण्याची सवय नाही. ती लावून घेतली पाहिजे.

त्या बाई पुढच्या दसऱ्यालाही मोंढ्यात येतील. त्यांचे कट्टे त्या दिवशी विकायचे की नाही, हे त्यांना ठरविता आले, तर आपल्या गावात विकासाला आरंभ झाला असे मी समजेन.