हात लावून पाहू द्या

(धुळे येथे पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संग्रहालय म्हटलं की आपल्याला काचेची कपाटं आठवतात आणि 'हात लावू नका' ही पाटी. लहान मूल मात्र हातानंच शिकतं. हे ओळखून १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये खास मुलांसाठी संग्रहालय निघालं. १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू केलं. तिथली उपकरणं हाताळण्यासाठीच मांडलेली असतात. आपल्याकडे वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून खुलं आहे.

पण खानदेशातून मुंबई म्हणजे रात्रीचा प्रवास, मुक्काम आणि खर्च. सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं ठिकाण म्हणजे जळगावचं गांधीतीर्थ. जैन हिल्सवर ते २०१२ मध्ये सुरू झालं. ते काही बालसंग्रहालय नाही, पण तिथे हेडफोनवर ऐकायला मिळतं, पडद्याला बोट लावून माहिती उघडता येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सत्याग्रह हा शब्द कळणार नाही. पण 'मीठ उचललं म्हणून कुणाला पकडतात का?' हा प्रश्न त्याला नक्की पडू शकतो. तेवढा एक प्रश्न घेऊन मूल परतलं तरी भाडं वसूल झालं.

मुलांना घेऊन जाताना तीन गोष्टी सांभाळा. तिकीट काढलंय म्हणून सगळं दाखवायचा हट्ट नको. मूल एका जागी रमलं तर रमू द्या. दुसरं, उत्तर सांगायची घाई नको. आधी विचारा, 'तुला काय वाटतं?' तिसरं, पुढे कोण आहे ते बघा. बहुतेक वेळा मुलगे बटणं दाबत असतात आणि मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन मागे उभी असते. बाळ अब्बांनी घ्यावं. तिचे हात मोकळे करा.

आपण इब्न अल-हैसम यांचं नाव अभिमानानं घेतो. हजार वर्षांपूर्वी या बसऱ्याच्या माणसानं अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमीसारखे थोर लोक सांगून गेले होते. यांनी ते तपासलं आणि नाकारलं. त्यांचा अभिमान बाळगायचा आणि घरात मुलांना 'जास्त प्रश्न विचारू नको' म्हणायचं, हे दोन्ही एकत्र कसं चालेल?

प्रयोगाला पैसेही फार लागत नाहीत. बुटाच्या खोक्याला एका बाजूला सुईनं भोक पाडा, समोरच्या बाजूला चौकोन कापून पातळ तेलकागद चिकटवा. भोक उजेडातल्या खिडकीकडे धरा, डोक्यावरून चादर घ्या. कागदावर खिडकी उलटी दिसेल. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, सरबताची नळी अशा वस्तूंतून कितीतरी खेळणी केली. नळीचं टोक दाबून चपटं करा, दोन्ही बाजूंनी तिरकं कापा, फुंका. पिपाणी वाजते. फुंकता फुंकता दुसऱ्या टोकाकडून तुकडे कापत जा, आवाज चढत जातो. का, ते मुलांनाच शोधू द्या.

एक मात्र लक्षात ठेवा. प्रश्न विचारायची सवय लागली की ती खोक्यापाशी थांबत नाही. उद्या मुलगी विचारेल, 'भाईजान जेवून उठतो, मग त्याचं ताट मीच का उचलायचं?' तिलाही 'तुला काय वाटतं?' असंच विचारायची तयारी ठेवा. आपल्या चळवळीचं काम तिथूनच सुरू होतं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एका रविवारी दोन तास, मोहल्ल्यातला एखादा हॉल, चार टेबलं आणि घरातली रिकामी खोकी. उर्दू, मराठी, सेमी-इंग्रजी, सगळ्या शाळांची मुलं आणि सगळ्या जातीधर्मांची मुलं येऊ द्या. पाटी लावायचीच असेल तर 'हात लावा' अशी लावू. पहिल्या रविवारी खोकी आणि कात्र्या मी आणतो. बाकी कोण काय आणणार, ते आज उठण्याआधी ठरवूया.