माडावरच्या उंदराचं मूळ गाव



मालवणकडच्या माडांच्या बागेत सकाळी फेरी मारली, की बुंध्याशी कोवळी अडसरं पडलेली दिसतात. एखादं उचलून पाहा. देठाशेजारी गोल भोक, आणि आतलं पाणी गळून गेलेलं. हे काम माडावरच्या उंदराचं. धडापेक्षा लांब शेपटीनं तोल सावरत तो या झावळीवरून त्या झावळीवर जातो. शास्त्रात त्याला रॅटस रॅटस म्हणतात. बागायतदार खोडाला पत्रा ठोकतो तो याच्याचसाठी.

आज मी या उंदराची कुळकथा सांगणार आहे. ती त्याच्या पेशीत लिहिलेली आहे.

जपानमध्ये मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत तोशिहिदे योसिदा यांनी 1960 नंतरच्या दोन दशकांत देशोदेशींच्या या उंदरांची गुणसूत्रं मोजली. जपान आणि आग्नेय आशियातल्या उंदरांत ती 42 भरली, श्रीलंकेत 40, तर भारत, युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात 38.

मग चार गुणसूत्रं गेली कुठे? कुठेच नाही. सुंभाचे दोन तुकडे गाठ मारून एक केले, तर तुकडा एक कमी होतो, सुंभ तेवढाच राहतो. इथंही दोन आखूड गुणसूत्रं टोकाशी जुळून एक लांब झालं. अशी जुळणी दोनदा झाली. गुणसूत्रं जोडीनं असतात, म्हणून पहिल्या जुळणीत 42 ची 40 झाली आणि दुसरीत 38.

योसिदांच्या मते हा बदल दक्षिण भारताच्या बाजूला घडला. पुढे 38 वाला उंदीर व्यापारी जहाजांतल्या धान्याबरोबर जगभर पसरला. 38 आणि 42 यांचा संकर झाला, तर पिल्लांची प्रजननक्षमता घटते. 42 वाल्याला आज रॅटस टेनेझुमी या नावानं वेगळी जात मानतात. दिसायला दोघे जवळजवळ सारखे. फरक कळतो तो आत डोकावल्यावर.

  

या मोजदादीतून आपण काय घ्यायचं? 38 वाल्या उंदराचं मूळ गाव आपल्याकडेच आहे, हे. दूरच्या बेटांवर हाच उंदीर उपरा म्हणून उतरला. ज्यांना त्याची ओळखच नव्हती, अशा समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं त्यानं फस्त केली. आपल्याकडे तो घरचा आहे, आणि त्याला खाणारेही घरचेच आहेत: धामण, गव्हाणी घुबड, मुंगूस. हजारो वर्षं ही मंडळी त्याच्या मागावर आहेत. म्हणून पत्रा जरूर ठोका; पण कुंपणाशी धामण दिसली, तर काठी उचलू नका. तुमच्या माडांची राखण ती तुमच्याही आधीपासून करते आहे.