पोडाचे देणे



विद्यापीठातील मानवशास्त्राचा विभाग आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोलामांचा पोड यांच्यात एक जुना व्यवहार चालत आला आहे. पोडाने द्यावयाचे आणि विद्यापीठाने घ्यावयाचे. कोलामांनी आपली भाषा, नातीगोती, देवधर्म आलेल्या संशोधकांपुढे मोकळ्या मनाने मांडली. त्यांतून ग्रंथ झाले, पदव्या मिळाल्या. परंतु पोडाला काय परत मिळाले, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

संशोधन व्यर्थ गेले, असा याचा अर्थ नव्हे. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. कोलामी ही मराठीची बिघडलेली बोली नसून द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे, हे त्यात तपशिलाने दिसते. समाजाला त्याची प्रतिष्ठा देणारेच हे काम आहे. मात्र ज्या मुलाच्या घरी कोलामी बोलली जाते, त्याच्या वर्गापर्यंत ती प्रतिष्ठा पोहोचली पाहिजे.

ज्ञान लोकांकडे परत कसे जाते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या इरावती कर्वे यांनी आरंभी बर्लिनमध्ये माणसांच्या कवट्या मोजल्या होत्या. त्याच इरावतीबाईंनी पुढे जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. धरणाची उंची आणि विजेचे आकडे सरकारदप्तरी होतेच. गाव बुडाल्यावर माणसांचे काय झाले, हे विचारण्याचे काम मानवशास्त्राने केले. १९७६ साली राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, त्यामागे चळवळींचा रेटा होता. अभ्यासाने प्रश्न नेमका करावा आणि चळवळीने तो धसास लावावा, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

आज यवतमाळला त्या वाटणीची गरज आहे. निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातील गावांनी वर्षानुवर्षे विरोध चालविला आहे. दुसरीकडे, सरकारने १९७० च्या दशकात कोलामांना 'आदिम' जमातींच्या यादीत घातले. शेतीपूर्व तंत्रज्ञान ही त्या यादीची एक कसोटी होती. कापसाचे पीक घेऊन व्यापाऱ्याच्या भावाने नागवला जाणारा कोलाम त्या कसोटीत कसा बसतो? २००६ साली 'आदिम' हा शब्द गेला आणि 'विशेष असुरक्षित' हा आला. शब्द पालटला, असुरक्षितता कोणी निर्माण केली, हे मात्र नव्या शब्दानेही सांगितले नाही.

त्याच २००६ सालच्या वनाधिकार कायद्याने अशा जमातींच्या अधिवासाचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क एका शेताच्या सातबाऱ्यापुरता नाही. देवस्थाने, पाणवठे, वनोपजाच्या वाटा, पोडापोडांतील सोयरिकीचे संबंध, असा सारा मुलूख त्यात येतो. मध्यप्रदेशात दिंडोरीच्या बैगांना असा हक्क मिळाला. दावा सिद्ध करावयाचा तर हा मुलूख नकाशावर आणि कागदावर उतरवावा लागतो. मानवशास्त्राच्या विभागांनी पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या टिपणांत, वंशावळींत, नकाशांत हाच पुरावा दडलेला असतो. संशोधकाच्या दृष्टीने ती जुनी सामग्री. कोलामाच्या दृष्टीने तो जमिनीचा दस्तऐवज.

म्हणून कार्यकर्त्यांनी विद्यापीठांकडे दोन मागण्या नेटाने कराव्यात. पोडावर जमविलेली माहिती मराठीत व कोलामीत ग्रामसभेच्या हवाली व्हावी. पुढील प्रत्येक संशोधनाचा विषय ठरविताना ग्रामसभेला आधी विचारले जावे. यात विद्येचा अवमान नाही. ज्यांच्या घोंगडीवर बसून विद्या शिकली, त्यांना तिचा हिशेब देणे हे विद्येचेच कर्तव्य होय.

पोडाच्या चावडीवर जो अभ्यास निःसंकोच वाचून दाखविता येतो, तोच खरा उतरला, असे समजावे.