पाटीलबावा आणि फडणीस



अध्यक्षाने वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो बाजूला ठेवून मी आज एकाच नात्याविषयी बोलणार आहे. महादजी शिंदे, म्हणजे पाटीलबावा, आणि नाना फडणीस यांच्या.

शूर सरदार आणि पाताळयंत्री कारभारी, ही जोडी आपल्या मनात पक्की बसली आहे. पानिपतावर कायमचा अधू झालेला पाय घेऊन महादजींनी उत्तरेत मराठ्यांचा दरारा पुन्हा उभा केला. १७७२ मध्ये शाह आलम दिल्लीच्या तख्तावर परतला तो मराठी फौजेच्या बळावर, आणि त्यात महादजींचा वाटा मोठा होता. हुद्द्याने पाहिले तर दोघेही पेशव्यांचे चाकर. पण पेशवा सवाई माधवराव लहान. खजिना, शिक्का आणि धन्याचा कान नानांच्या हाती. म्हणजे व्यवहारात वरिष्ठ नानाच.

या वरिष्ठपणाची रीत सालबाईच्या तहात दिसते. महादजींनी १७ मे १७८२ रोजी इंग्रजांशी तह ठरवला. नानांनी मंजुरी महिनोन्‌महिने लांबवली. इंग्रजांशी लढणाऱ्या म्हैसूरच्या हैदर अलीशी त्यांचे सूत्र चालू होते. डिसेंबरात हैदर वारला, तेव्हा कुठे मंजुरीची वाट मोकळी झाली. पुढे १७८७ मध्ये लालसोटच्या लढाईनंतर महादजी अडचणीत आले. पुण्याहून अली बहादूर आणि तुकोजी होळकर हे सरदार निघाले. ती कुमक होती, तशीच पाळतही होती, असे माझे मत आहे. मदत द्यायची, पण घेणाऱ्याला मोठे होऊ द्यायचे नाही, ही नानांची राजनीती होती. तरीही मी त्यांना खलपुरुष म्हणणार नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला, त्यांचे चुलते राघोबा इंग्रजांकडे गेले. हे ज्याने जवळून पाहिले, त्याला बलाढ्य सरदाराची भीती वाटली तर नवल नाही.

आता जून १७९२ चे पुणे पाहा. बादशहाकडून मिळवलेली वकील-इ-मुतलकची, म्हणजे बादशाही सर्वाधिकारी प्रतिनिधीची, सनद आणि वस्त्रे पेशव्यांना अर्पण करायला महादजी आले होते. या किताबांना नानांचा विरोध होता. इतिहासकार ग्रँट डफने दिलेली हकीकत आपण सारे जाणतो: महादजी हत्तीवरून उतरले, मानकऱ्यांच्या खाली जाऊन उभे राहिले, पेशव्यांनी बसा म्हटले तरी बसले नाहीत. काखेतली पुरचुंडी सोडली, नवे जोडे पेशव्यांपुढे ठेवले, जुने उचलून गुंडाळले आणि काखेत मारले. माझ्या बापाचे काम हेच, असे ते म्हणाले. हकीकतीत रंग भरला असेल. पण तिच्यातला डाव खरा वाटतो. उत्तरेचा सर्वाधिकारी धन्याच्या जोड्यांशी वाकतो, तेव्हा मधल्या कारभाऱ्याला वळसा पडतो. मी पेशव्यांचा आहे, तुमचा नाही, हे भर दरबारात नानांना ऐकवले गेले. ती निष्ठा खोटी नव्हती. तरीही तिचा शस्त्रासारखा उपयोग झाला. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे मान्य करायला आपले चरित्रकार अजून कचरतात.

मग हिशेबाचे भांडण सुरू झाले. उत्तरेच्या मोहिमांचा खर्च महादजी मागतात, नाना वसुलाचा हिशेब विचारतात. पेशव्यांचे सेनानी हरिपंत फडके मध्यस्थी करतात. मला हे प्रकरण लढायांहून मोलाचे वाटते, कारण कोणाचा किती विश्वास उरला होता हे जमाखर्चातच सापडेल. दोन्ही बाजूंचे कागद समोरासमोर ठेवून वाचणारा तरुण अभ्यासक मला हवा आहे. मोडी येणारा, आणि कुठल्याही घराण्याचा अभिमान दाराबाहेर ठेवणारा.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीच्या छावणीत वारले. नानांचा प्रतिस्पर्धी गेला. पुढल्याच वर्षी खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, तेव्हा शिंद्यांची फौज नानांच्या बाजूने लढली. पण तिच्या नव्या धन्याला आवरणारे माणूस आता उरले नव्हते. १७९७ च्या अखेरीस महादजींचा वारस दौलतराव याच्या माणसांनी पुण्यात नानांना कैद केले आणि त्यांची रवानगी नगरच्या किल्ल्यात झाली.