मोबाईलवरचा द्वेष आणि आपण
(वर्धापनदिनाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



समितीने मला विषय दिला, ‘इंटरनेट आणि दहशतवाद’. मी म्हटलं, मी रिटायर मास्तर, मला त्यातलं काय कळतं? पण मग लातूरची आमच्या घरातली गोष्ट आठवली आणि हो म्हणालो. ती सांगतोच, पण आधी परभणीचं बोलू.

आपल्याला वाटतं, दहशतवाद म्हणजे सिरिया, इराक, लांबचं काम. २०१६ साली राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने परभणी प्रकरणात चार जणांना अटक केली. इस्लामिक स्टेटच्या सिरियातल्या माणसाशी इंटरनेटवरून संबंध ठेवले, निष्ठेची शपथ घेतली, स्फोटकांची तयारी केली, असा आरोप होता. दोघांनी गुन्हा कबूल केला, २०२२ मध्ये त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. आणखी एकाला २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, कारण पाच वर्षं आत राहूनही त्याचा खटला संपायचं चिन्ह नव्हतं. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. आणि चार नावांवरून सगळा मोहल्ला मोजू नका. एकाच्या नावावर अख्खी वस्ती बदनाम झाली की कसं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हे जाळं कसं टाकतात? कुणी घरी येत नाही. पोरगं कुठंतरी रागानं दोन ओळी लिहितं. एक अनोळखी माणूस म्हणतो, तुझं बरोबर आहे. मग तो बंद ग्रुपमध्ये घेतो. तिथं रोज अन्यायाचे फोटो. काही खरे असतात, तेच तर अवघड आहे! खऱ्यात खोटं मिसळलं की ओळखू येत नाही. मग एक दिवस विचारणा होते, तू नुसता बघणार का? धर्म कोणताही असो, रीत हीच.

आता आमची गोष्ट. माझा भाचा लातूरला क्लासेससाठी खोली करून राहतो. लातूर पॅटर्न तुम्हाला माहीत आहे. सकाळी सहाला पोरगं बाहेर, रात्री खोलीत एकटं, सोबतीला मोबाईल. एका रात्री माझ्याकडे व्हिडिओ आला. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, खाली आपल्याच भागातल्या एका गावाचं नाव. माझं रक्त उसळलं. मी तो चार ग्रुपवर पाठवला. चष्मासुद्धा लावला नव्हता. भाच्याने तोच पुढे पाठवला आणि वर लिहिलं, आता गप्प बसायचं नाही, उद्या सकाळी निघायचं. पंधरा-वीस पोरं मोटारसायकली घेऊन निघायच्या बेतात होती. माझ्या बहिणीला त्या गावचे एक पाहुणे माहीत होते, तिने पहाटे फोन लावला. ते म्हणाले, ताई, पुतळा जागेवर आहे, मी आत्ताच हार घालून आलो. व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला, कितीतरी वर्षांपूर्वीचा निघाला.

पोरं थांबली. पण दुपारी भाच्याला पोलिसांनी बोलावलं. रात्री साडेदहापर्यंत बाकावर बसवलं, मोबाईल ठेवून घेतला. बहीण मला म्हणाली, “दादा, तुला कुणी धाडलं होतं रे ते?” मी काय सांगणार? पाठवणारा मी, बाकावर बसलेलं लेकरू. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी १९७८ पाहिलेलं आहे. विधिमंडळाने २७ जुलैला नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपल्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. तेव्हा मोबाईल नव्हता, अफवा एस.टी.तून आणि बाजारातून गावोगाव गेली. त्या अफवेला जे बळी पडले ते आपण. म्हणून त्या रात्री मी जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते.

कुणी म्हणेल, आपण बुद्धाची माणसं, आपल्यात द्वेष नाही. मग म्यानमारकडे बघा. २०१४ च्या जुलैत मंडालेमध्ये मुस्लिम चहावाल्यावर बलात्काराचा आरोप फेसबुकवर पसरला. तो पसरवणाऱ्यांत चीवर घातलेले विराथू भिक्खू होते. दंगलीत दोन माणसं मेली, एक बौद्ध, एक मुस्लिम. तक्रार खोटी होती. पुढे २०१७ मध्ये सैन्याच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. आमच्या साधनाचा गैरवापर रोखायला आम्ही पुरेसं केलं नाही, हे फेसबुकने २०१८ मध्ये मान्य केलं. २०१५ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे बर्मी भाषेतला मजकूर तपासायला दोनच माणसं होती!

मग सरकार काय करतं? न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एकाने ५१ माणसं मारली आणि १७ मिनिटं फेसबुकवर थेट दाखवलं. पहिल्या चोवीस तासांत त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती फेसबुकने काढल्या. दोन महिन्यांनी पॅरिसला देशांनी आणि कंपन्यांनी मिळून वचननामा केला, त्यात भारतही आहे. युरोपात जून २०२२ पासून नियम लागू झाला की आदेश आल्यावर दहशतवादी मजकूर एका तासात काढायचा. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ आहे, त्याखाली सरकार मजकूर बंद करायला लावू शकतं.

माझ्या मते असा कायदा हवाच. माणसं मारतानाची चित्रफीत पसरवण्याला कुणी विचारस्वातंत्र्य म्हणू नये. पण शब्द मोघम असले की कायदा भलत्याच्या मानगुटीवर बसतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पालघरच्या एका मुलीने बंदविषयी फेसबुकवर लिहिलं, दुसरीने नुसती पसंती दिली; दोघींना अटक! त्यात लावलेलं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. याचिका श्रेया सिंघल नावाच्या तरुणीची होती. ६९-अ मात्र न्यायालयाने ठेवलं. त्याचे आदेश गोपनीय असतात. आज दहशतवाद्याचं पान बंद झालं, ठीक. उद्या अत्याचाराची बातमी देणारं आपलंच पान बंद झालं, तर कारण कुणाला विचारायचं? कारण लेखी मिळावं आणि दाद मागता यावी, एवढी मागणी आपण लावून धरली पाहिजे. घटना आपल्या बापाने लिहिली आहे, मागायला संकोच कसला?

कंपन्यांना वेसण घालता येते, हेही दिसलं. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार केलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे गरीब लोक. अफवा व्हॉट्सअॅपवरची. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल असं केलं. बोट आपलंच असतं, पण ते अडवणारी कळ कंपनीच्या हातात असते.

दर रविवारी वंदना झाल्यावर आपले दोन इंजिनिअर तरुण इथे थांबणार आहेत. व्हिडिओ जुना की नवा, कुठला, हे कसं शोधायचं ते दाखवतील. मी पहिल्या ओळीत बसणार आहे, चष्मा घेऊन. भाचाही सुट्टीत येतो म्हणाला आहे. त्याचा मोबाईल अजून परत मिळालेला नाही.

जय भीम!