वादपत्रातील रिकाम्या जागा

(मौदा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे घराघरांत सांगितले जाते. तथापि, ती पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते, असेही प्रसंग येतात. पोलिसांनी निष्कारण डांबले, मारहाण केली आणि त्याची नुकसानभरपाई मागायची, हा त्यांपैकीच एक. असा दावा पुष्कळदा साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचतच नाही. वादी खोटा असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या कागदात संताप असतो आणि हकीकत नसते म्हणून.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या आदेश ७, नियम ११ प्रमाणे वादपत्रातून वादकारण दिसत नसेल, तर ते नामंजूर होते. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, कलम १६१ याहून कठोर आहे. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो. त्यापूर्वी किमान १ महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि तिच्यात अन्यायाचे पुरेसे वर्णन असावे लागते. ते नसेल, तर दावा काढून टाकावा, असे कायदाच सांगतो.

येथे एकेका शब्दाला मोल येते. १९६० च्या दशकात याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने दोन भिन्न निर्णय दिले. खोटा पंचनामा केल्याचा आरोप असलेल्या हवालदाराला मुदतीचे संरक्षण मिळाले. कारण पंचनामा करणे हे कर्तव्यच होते. मारहाण करून कोंडून ठेवल्याचा आरोप असलेल्यांना मात्र ते मिळाले नाही. कारण संशयिताला मारणे हे पोलिसाचे कर्तव्य कधीच नसते. हे दोन्ही खटले फौजदारी होते, परंतु दाव्यालाही तेच कलम लागू आहे. 'पोलिसांनी माझ्यावर अन्याय केला' एवढेच लिहिणाऱ्याचे गाऱ्हाणे यांपैकी कोणत्या बाजूला पडते, हे न्यायाधीशांनी कसे ओळखावे?

ही अट केवळ जाचक आहे, असेही मानू नये. बंदोबस्तावरील प्रामाणिक शिपायाला कोणीही आकसाने कोर्टात खेचू नये, यासाठी ती आहे. परंतु कोठडीतील माणसाच्या हाती ना घड्याळ, ना कागद. नोंदी सगळ्या ठाण्यात. डी. के. बसू प्रकरणातील निर्देशांचे महत्त्व म्हणूनच मोठे. अटकेचा मेमो साक्षीदाराच्या सहीने व वेळेसह करावा, अधिकाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसावी, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे न्यायालयाने त्यात सांगितले. २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे.

सुटून आलेल्या माणसाला धीर देणारे शेजारी पुष्कळ भेटतात. त्याच दिवशी त्याच्याजवळ बसून तारीख, वेळ, ठिकाण, अधिकाऱ्याचे नाव, जखमा आणि पाहणारे कोण, हे लिहून घेणारा शेजारी विरळा. नामंजूर वादपत्र पुन्हा दाखल करता येते. पण तोवर ६ महिने उलटलेले असतात. कन्हानकाठच्या प्रत्येक गावात असा एक लिहिणारा शेजारी असावा. न्याय देणे न्यायालयाच्या हाती आहे. त्याच्यापुढे हकीकत नीट मांडणे आपल्या हाती आहे.